गाणं कुणाचं, ते आधी कागदावर येऊ द्या

प्रश्न : माझी मुलगी पुण्यात बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. ती स्वतः मराठी गाणी लिहिते, चाली लावते, गिटारवर गाते. कॉलेजातल्या तीन मित्रांबरोबर तिचा बँड आहे. एका कंपनीने त्यांचं एक गाणं ‘सर्व हक्कांसह’ ३० हजारांना मागितलंय. शिवाय अल्बमसाठी ती आमच्याकडे दीड लाख मागते आहे आणि कॉलेज सोडायचं म्हणते. आम्हा दोघांना यातलं काही कळत नाही. काय करावं? – एक आई, नाशिक

उत्तर : ताई, नमस्कार. तुमच्या पत्रात तीन प्रश्न आहेत आणि घाई फक्त एकाची आहे. कंपनीच्या कागदावर तिला आत्ता सही करू देऊ नका. नकार द्या असं मी म्हणत नाही. आधी तो कागद नीट बदलून घ्यायला हवा.

एका गाण्यात तीन वेगळ्या मालमत्ता असतात. शब्द ही एक, चाल ही दुसरी आणि ध्वनिमुद्रण ही तिसरी. शिवाय गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचे कलाकार म्हणून हक्क असतात, ते निराळे. शब्द आणि चालीवरचा हक्क रचनाकाराच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं टिकतो. ‘सर्व हक्कांसह’ या दोन शब्दांत हे सगळं एका फटक्यात हातचं जातं. कॉपीराइट कायदा १९५७चा. त्यात २०१२ साली दुरुस्ती झाली आणि गीतकार-संगीतकारांना मोठा आधार मिळाला : हक्क विकले तरी पुढे गाण्याच्या वापरातून येणाऱ्या रॉयल्टीत त्यांचा हक्क घेणाऱ्याच्या बरोबरीचा वाटा राहतो आणि तो वाटा करारात सोडून देता येत नाही. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणूनच अनेक करारांत ‘कायमस्वरूपी’ आणि ‘संपूर्ण जगात’ हे शब्द मुद्दाम घातलेले असतात. कागद वाचताना आधी ते शोधा.

कंपनीला असं सुचवा : शब्द आणि चाल आमच्याकडेच राहतील, फक्त या ध्वनिमुद्रणाचा परवाना तीन किंवा पाच वर्षांसाठी घ्या. ३० हजार ही पूर्ण किंमत आहे की पुढच्या रॉयल्टीतून वळती होणारी उचल, हे स्पष्ट लिहून घ्या. ‘पुढची गाणी आधी आम्हालाच’ असं कलम असेल तर ते काढायला सांगा. गाण्यात इंटरनेटवरून फुकट उतरवलेला बीट किंवा लूप वापरला असेल तर त्याचा परवाना तपासा. ‘फुकट’ म्हणजे पुष्कळदा ‘व्यावसायिक वापर सोडून फुकट’ असतं. पुढे यूट्यूबवर दुसऱ्याच कुणाचा दावा आला की करारातल्या भरपाईच्या कलमाचा भार तुमच्या मुलीवर येतो. सहीपूर्वी कॉपीराइटचं काम करणाऱ्या वकिलाला तासभराची फी द्या. दीड लाखातला हा पहिला खर्च समजा.

आता बँड. मैत्रीत पैशाचं कसं बोलायचं, या संकोचानेच बहुतेक बँड फुटतात. गाणं चालेनासं झालं तर भांडण होत नाही, चाललं की होतं. चौघांनी सरावात वाजवता वाजवता गाणं घडतं, बासवाल्याची एक ओळ लोकांच्या ओठांवर बसते आणि वर्षभराने कुणालाच आठवत नाही की ती कुणाची. म्हणून गाणं पूर्ण झालं त्याच दिवशी एक पानी वाटणीपत्रक करायचं : गाण्याचं नाव, तारीख, शब्द कुणाचे, चाल कुणाची, प्रत्येकाचे टक्के, ध्वनिमुद्रणाच्या उत्पन्नात कुणाचा किती वाटा आणि चौघांच्या सह्या. शब्द आणि चाल दोन्ही मुलीची असतील तर ते टक्के तिचेच राहावेत. मैत्रीखातर चौघांची नावं घालणं मला चुकीचं वाटतं. पण ध्वनिमुद्रणाच्या उत्पन्नात चौघांना समान वाटा द्यावा, कारण गाणं कानाला जसं लागतं ते चौघांच्या हातांमुळे. गाणी प्रकाशित झाली की तिने गीतकार-संगीतकार म्हणून आयपीआरएस या रॉयल्टी गोळा करून वाटणाऱ्या संस्थेची सभासद व्हावं आणि प्रत्येक गाणं याच टक्क्यांसह तिथे नोंदवावं. टीव्ही, रेडिओ, स्ट्रीमिंग आणि जाहीर कार्यक्रमांतली तिच्या वाट्याची रक्कम याच वाटेने येते. नोंद नसलेलं गाणं कितीही वाजलं तरी पैसे कुणाला द्यायचे हेच संस्थेला कळत नाही.

त्याच बैठकीत बँडचं नाव कुणाचं, एखादा सोडून गेला तर जुन्या गाण्यांत त्याचा वाटा किती राहील, हेही लिहून घ्या. यूट्यूब आणि इन्स्टाग्रामची खाती एकाच्या खासगी ईमेलवर नकोत, बँडच्या ईमेलवर हवीत.

कार्यक्रमाचा हिशेब कसा होतो ते एकदा पाहा. समजा २० हजारांची सुपारी मिळाली. १० टक्के टीडीएस कापला तर हातात १८ हजार. गाडीभाडं ३ हजार. सरावाची खोली तासाला ५०० रुपये धरली तर तीन-तीन तासांच्या दोन बैठकींचे ३ हजार. उरले १२ हजार. त्याचे पाच भाग करा, चौघांचे चार आणि पाचवा बँडच्या फंडाचा. प्रत्येकी २,४०० रुपये. इथे एक बारीक खोच आहे : बिल ज्याच्या पॅनवर, त्याच्या नावावर पूर्ण २० हजारांचं उत्पन्न दिसतं आणि कापलेले २ हजारही त्यालाच परत मागता येतात. बाकीच्यांना मग वाटतं, त्याने ठेवून घेतले. प्रत्येकाने आपल्या वाट्याचं वेगळं बिल देणं उत्तम. तुमची मुलगी कॉमर्सची आहे, हे खातं तिने सांभाळावं.

आयोजकाकडून निम्मे पैसे आगाऊ आणि लेखी होकार घ्यायचाच. सोबत मंचाचा नकाशा आणि इनपुट यादी पाठवायची : किती माइक, गिटार-बास साउंड सिस्टिमला जोडायला किती डीआय बॉक्स, गाणाऱ्यांना स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून मंचावर किती मॉनिटर स्पीकर. ती न पाठवल्यास ४५ मिनिटांच्या साउंडचेकमधली ३० मिनिटं वायर शोधण्यात जातात. उघड्यावरच्या कार्यक्रमात रात्री १० वाजता लाउडस्पीकर बंद होतो. सरकार वर्षातले ठरावीक दिवस सवलत देतं, तेवढेच. आठचा कार्यक्रम नऊला सुरू झाला की शेवटी गाणाऱ्या नव्या बँडचीच गाणी कापली जातात. त्यामुळे ४० मिनिटांच्या क्रमाबरोबर २० मिनिटांचा क्रमही तयार हवा, आणि त्यात स्वतःचं सर्वांत चांगलं गाणं दुसऱ्या क्रमांकावर.

अल्बमसाठी दीड लाख आत्ता देऊ नका. दोन गाण्यांचे पैसे द्या, तेही दहा गाण्यांचे कच्चे डेमो झाल्यावर. डेमो मोबाइलवर होतात. माइक आणि गिटार संगणकाला जोडणारा दोन चॅनेलचा ऑडिओ इंटरफेस दहा-पंधरा हजारांत येतो, बँडच्या फंडातून तो घ्यावा. ते दहा डेमो मित्रमंडळाबाहेरच्या लोकांपुढे गाऊन, लोक पुन्हा मागतात ती दोन निवडायची.

स्टुडिओत तासावर पैसे जातात आणि नवे बँड तिथे जाऊन चाल बदलत बसतात. पट्टी, लय आणि कडव्यांचा क्रम आधी पक्का हवा. पट्टी ठरवताना सर्वांत वरचा सूर सलग तिसऱ्यांदा गाताना लागतो का, ते बघायचं. पहिल्यांदा तो सगळ्यांचाच लागतो. मराठीत आणखी एक पथ्य आहे. लांब सुरावर ऱ्हस्व अक्षर आलं की ‘किती’चं ‘कीती’ होतं आणि ओळ परकी वाटू लागते. तिथे शब्द बदलावा किंवा सूर तोडावा. हे काम घरच्या डेमोवर फुकटात होतं.

रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी गिटारला नव्या तारा चढवून ताणून ठेवायच्या. त्याच दिवशी चढवल्या तर दर टेकला सूर उतरतो. माइक गिटारच्या भोकासमोर नको, नुसता घुमतो. बाराव्या फ्रेटसमोर (दांडीवरच्या बाराव्या आडव्या पट्टीसमोर) फूटभर अंतरावर ठेवावा. गाताना तोंड आणि माइक यांत एक वीत, मध्ये ‘प’, ‘फ’चा झोत अडवणारी जाळी, म्हणजे पॉप फिल्टर. रेकॉर्डिंग २४ बिटचं आणि लेव्हल सर्वांत मोठ्या आवाजालाही उणे ६ डेसिबलच्या खालीच. फुटलेला आवाज नंतर दुरुस्त होत नाही. गायनाला तीनच तास ठेवा, त्यापुढे गळा थकतो आणि घेतलेले टेक टाकून द्यावे लागतात. निघताना अंतिम डब्ल्यूएव्ही फाइल, गायनाविना ट्रॅक आणि सुट्या वाद्यांच्या फाइली स्वतःच्या दोन हार्डडिस्कवर घ्यायच्या. या फाइलींचे वेगळे पैसे लागणार का, ते दर ठरवतानाच विचारायचं.

प्रकाशनाच्या चार आठवडे आधी गाणं वितरकाकडे, म्हणजे ते स्पॉटिफायसारख्या ॲपवर पोचवणाऱ्या कंपनीकडे, द्यावं. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं सुचवायचं तर किमान सात दिवस आधी ते तिथे पोचायला हवं. वितरक देतो तो आयएसआरसी, म्हणजे त्या ध्वनिमुद्रणाचा ओळख क्रमांक, जपून ठेवायचा. वितरक बदलला तरी तोच वापरला म्हणजे जुने ऐकण्याचे आकडे टिकतात. मात्र स्ट्रीमिंगच्या पैशावर घर चालेल असं धरू नका. स्पॉटिफायवर वर्षात १,००० वेळा न ऐकल्या गेलेल्या गाण्याला काहीच मिळत नाही. या व्यवसायातलं पोट कार्यक्रम, गिटारच्या शिकवण्या, जिंगल्स, मालिकांसाठीचं काम अशा पाच-सहा ठिकाणांहून थोडंथोडं भरतं.

कॉलेज सोडायचं कारण मला दिसत नाही. पुण्यातल्या एफटीआयआय या चित्रपट प्रशिक्षण संस्थेतल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांना पदवीच लागते, आणि अशा वाटा तिच्यासाठी खुल्या राहायला हव्यात. परीक्षेच्या दोन महिन्यांत सुपारी घ्यायची नाही, एवढं ठरवा. तोवर फिरोदिया करंडकासारख्या स्पर्धेत इतर कॉलेजांच्या मुलांसमोर उभं राहणं तिला आत्ता फार उपयोगाचं आहे.

येत्या शनिवार-रविवारी तुम्ही पुण्याला जा. चौघांना जेवायला बोलवा आणि कंपनीने मागितलेल्या गाण्याचं वाटणीपत्रक समोर बसून लिहून घ्या. चौघांच्या सह्या झाल्या की मगच ते पत्रक आणि करार एकत्र वकिलाकडे न्या.