कार्यशाळेला पाठवू की एमपीएससीच्या बॅचला?

केज तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेवर असलेल्या एका गुरुजींचं पत्र आलं आहे. मुलगी एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर पदवीच्या, दुसऱ्या वर्षाला. तिला जूनमध्ये दोन ठिकाणी जायचंय. छत्रपती संभाजीनगरला सामाजिक संशोधन पद्धतींची पाच दिवसांची कार्यशाळा आहे आणि पुण्यात वृद्धांच्या छळावर दोन दिवसांची परिषद. नोंदणी, एसटी, राहणं धरून नऊ हजारांचा खर्च. गुरुजींच्या मनात त्याच महिन्यात सुरू होणारी एमपीएससीची बॅच आहे. ते लिहितात, "हा विषय घेऊन फिरली तर लोक म्हणतील, यांच्याच घरात काहीतरी असेल. उद्या स्थळं आल्यावर काय सांगू?" शेवटी विचारतात, या प्रमाणपत्रांना प्राध्यापकाच्या निवडीत गुण असतात असं ऐकलंय, तसं असेल तर पाठवू का?

गुरुजी, नमस्कार.

गुणांचं सांगते, पण आधी तुमच्या पत्राच्या तिसऱ्या पानाबद्दल. तिथं तुम्ही तक्रारीच्या सुरात लिहिलंय की कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी लेकीनं तुमच्या आईलाच प्रश्न विचारले. आजोबाही शिक्षक होते, त्यांच्या मागं आजींना कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं, एटीएम कार्ड तुमच्याकडे असतं. आजी म्हणाल्या, "पैसे माझेच हायेत, पण मागताना भीक मागितल्यावानी वाटतंय." नात ते वहीत उतरवत होती आणि तुमच्या मंडळी शेजारी भाकरी थापत होत्या. पुढचे दोन दिवस घरात कुणी कुणाशी बोललं नाही.

हे पान मी तीनदा वाचलं. तुमच्या घरात छळ होतो असं मी म्हणत नाही, एवढ्यावरून ते कुणालाच म्हणता येणार नाही. बँकेत रांगेत उभं राहायला नको म्हणून कार्ड मुलाकडे, अशी व्यवस्था हजारो घरांत आहे. पण तुमच्या आईनं एक वाक्य उच्चारलं आणि तुम्ही त्यावर सहा ओळी लिहिल्या. सहाही ओळी लेकीनं हे विचारायलाच नको होतं यावर आहेत. आई असं का म्हणाली, यावर एकही नाही. एमपीएससीच्या बॅचची घाई तुम्हाला या दोन दिवसांनंतर झाली, हे तारखांवरून दिसतं. भीती वाटणं मी समजू शकते. पण त्या भीतीपायी लेकीचा अभ्यासविषय बदलू नका.

स्थळांचंही स्पष्टच सांगते. मुलीनं वृद्धांच्या छळाचा अभ्यास केला म्हणून जे घर मागं सरेल, त्या घरात तिनं न गेलेलं बरं.

आता लेकीची चूक, कारण तिचीही आहे. स्वतःच्या आजीची मुलाखत संशोधन म्हणून घ्यायची नसते. घ्यायचीच झाली तर सून शेजारी बसलेली असताना तर नाहीच. आजींना संमती विचारली होती का? "नको" म्हणायची मोकळीक होती का? नातीला कोण नको म्हणतं! हे तिला कुणी शिकवलेलं दिसत नाही, आणि नेमकं हेच संशोधन पद्धतींच्या कार्यशाळेत शिकायचं असतं.

मी करिअर मार्गदर्शनात येण्याआधी काही वर्षं सर्वेक्षणांसाठी गावोगाव फिरत होते. धारूरच्या बाजूला एका घरी ओसरीवर बसून एका म्हाताऱ्या बाईंना छापील प्रश्न विचारले. जेवण वेळेवर मिळतं का? "मिळतंय की माय." घरात मान आहे का? "हाय की." सून दारातच शेंगा फोडत बसली होती. मी सगळ्या चौकटींत चांगल्या खुणा केल्या आणि निघाले. बाई मला फाट्यापर्यंत सोडायला आल्या. फाट्यावर त्यांनी पदराची गाठ सोडली, आत अर्धी भाकरी होती. "दुपारची हाये. सांच्याला वाढतेत का न्हाई म्हनून ठेवली." माझ्या फॉर्मवर ते घर अजूनही समाधानी म्हणूनच नोंदलेलं असेल.

म्हणून या विषयात आकडा ऐकला की मी आधी विचारते, प्रश्न कसा विचारला होता? मुंबईत देवनारला असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेनं 2017-18 मध्ये पंचेचाळिशी ओलांडलेल्या 72 हजारांहून अधिक भारतीयांची पाहणी केली. लासी म्हणतात तिला. त्यात साठीच्या पुढच्या साधारण 5 टक्के लोकांनी वर्षभरात वाईट वागणूक मिळाल्याचं सांगितलं. जगभरातल्या अभ्यासांवरून जागतिक आरोग्य संघटना सांगते ते प्रमाण सहा जणांमागे एक असं आहे. मग आपल्याकडचे म्हातारे जास्त सुखात आहेत, की आपल्याकडे दारात सून बसलेली असते? हा फरक कशामुळे पडतो, हे शोधायचं तर पद्धत यावी लागते. "तुमचा छळ होतो का?" असं विचारलं की नाहीच उत्तर येतं. छळ हा शब्द आपल्या कानाला मारहाणीचा वाटतो, आणि आई पोराचं नाव त्याच्याशी जोडत नाही. मागच्या महिन्यात गोळ्या कुणी आणल्या, पगार उचलायला कोण गेलं, हातात किती आले, असं विचारलं तर माणूस बोलतो.

मराठवाड्यातल्या मुलीला इथं करण्यासारखं खूप आहे. दिवाळी झाली की बीड, धाराशिवकडची जोडपी कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊस तोडायला जातात. मागं म्हातारी माणसं आणि शाळेतली नातवंडं. शहरात बसून तयार केलेल्या प्रश्नावलीत चार-पाच महिने मुलगा जवळ नाही म्हणजे दुर्लक्ष. त्या मुलाला दुर्लक्ष करणारा म्हणायचं का? आणि दुखणं अंगावर काढत नातवंडं सांभाळणाऱ्या त्या आजीला सगळं ठीक आहे असं तरी कसं लिहायचं? याचं मोजमाप ठरवायला ही घरं आतून ठाऊक असलेलं माणूस लागतं. तुमची लेक अशा गावात वाढली आहे.

तर आता तुमचा गुणांचा प्रश्न. तुम्ही ऐकलंय ते चूक आहे, आणि हा गैरसमज इतका पसरलाय की मुलं त्यापायी वर्षाला पाच-सात हजार घालवतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमावलीत सहायक प्राध्यापकाच्या मुलाखतीसाठी उमेदवार निवडताना पदवी, पदव्युत्तर पदवी, एमफिल, पीएचडी, नेट-सेट या पात्रता परीक्षा, शोधनिबंध, शिकवण्याचा अनुभव आणि पुरस्कार यांचे गुण धरले आहेत. परिषदेला हजर राहिल्याचा एकही गुण त्या तक्त्यात नाही. प्रमाणपत्रांची फाईल जाड झाली म्हणून नोकरी लागत नाही. याच गैरसमजावर पोट भरणाऱ्या परिषदाही आहेत. एका दिवसात चाळीस विषय, फोनवर पैसे भरा, निबंध न वाचताच स्वीकारला, वर आयएसबीएन हा नोंदणी क्रमांक छापलेलं पुस्तक. तुमच्या लेकीनं पाठवलेलं पुण्याचं पत्रक मी पाहिलं. परिषद खोटी वाटत नाही, पण पहिला अख्खा दिवस उद्घाटन, सत्कार आणि मनोगतांत जाणार. 15 जून हा वृद्धांच्या छळाबद्दल जागृतीचा दिवस, 2011 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी मान्य केलेला. त्याच्या मागंपुढं असे कार्यक्रम बरेच होतात. यंदा पुणे सोडा. सांगण्यासारखं स्वतःचं काम हातात असेल तेव्हा जावं.

संभाजीनगरला मात्र पाठवा. त्या वेळापत्रकात प्रश्नावली कशी बांधायची, नमुना कसा निवडायचा, संमती कशी घ्यायची हे आहे, आणि एक पूर्ण दिवस वस्तीत जाऊन मुलाखती. भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेच्या मदतीनं होणारे दहा दिवसांचे संशोधन पद्धतींचे वर्ग पीएचडी करणाऱ्यांसाठी असतात, ते तिला पुढं उपयोगी पडतील. लासीची माहिती अभ्यासकांना अर्ज करून मिळते. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिनं ती हाताळून पाहावी.

नोकरीच्या वाटा तुम्हाला ठाऊकच आहेत. समाजकार्य विषयात नेट किंवा सेट, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत समाजसेवा अधीक्षकाची पदं, आणि एमपीएससी. ती परीक्षा वाईट नाही, पण बॅच ऑक्टोबरलाही सुरू होते.

लेकीला एक आणखी सांगा. मुलाखतीत कुणी मारहाणीचं, उपाशी ठेवल्याचं सांगितलं तर वही मिटून निघून यायचं नाही. ज्येष्ठांसाठी 14567 हा मोफत फोन आहे. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहासाठी केलेल्या 2007 च्या कायद्यानं प्रांत कार्यालयात न्यायाधिकरण असतं, तिथं आई-वडिलांना वकील न लावता महिना 10 हजारांपर्यंत निर्वाहभत्ता मागता येतो. सांभाळायच्या अटीवर जमीन मुलाच्या नावे बक्षीसपत्रानं केली आणि त्यानं सांभाळलं नाही, तर ते बक्षीसपत्र रद्द करून घेता येतं. मात्र ही अट कागदावर लिहिलेली असावी, आणि आपल्याकडे नेमकी तीच लिहिलेली नसते. मुलाखतीला जाताना तिच्या पिशवीत हे सगळं मराठीत लिहिलेला कागद असावा.

आणि गुरुजी, ते एटीएम कार्ड आईच्या हातात द्या. पैसे काढायला तुम्हीच जा, पण कार्ड त्यांच्या उशाशी राहू द्या.

कार्यशाळेला येणाऱ्यांनी संमतीपत्राचा मसुदा सोबत आणायचा आहे असं पत्रकात म्हटलंय. लेकीनं तो मराठीत स्वतः लिहावा आणि जायच्या आधी आजींना वाचून दाखवावा. या वेळी वही-पेन न घेता, आणि तुम्ही दोघंही तिथं नसताना. आजी जिथं "म्हंजी?" असं विचारतील, तो शब्द खोडून दुसरा घालायचा.