दूध पाजताच बाळ निळं पडायचं, तरी तीन दिवस ठेवून घेतलं

प्रश्न : मुलगी बाळंतपणाला माहेरी कागलला आली. कोल्हापुरातल्या खासगी दवाखान्यात नात झाली. तिच्या तोंडातून सारखा फेस यायचा, दूध पाजलं की ठसका लागून ती निळी पडायची. ‘गर्भातलं पाणी गिळलंय’ म्हणून तीन दिवस तसेच काढले. दुसऱ्या दवाखान्यात कळलं, अन्ननलिका जन्मतःच तुटक आहे. ऑपरेशन झालं, पण न्यूमोनियानं पोरीचे फार हाल झाले. पहिला दवाखाना कागद देत नाही. जावयांचे मित्र दवाखाना फोडायला निघालेत. पोलिसात जावं का?

उत्तर : काका, नात वाचली हे वाचून जीव भांड्यात पडला. आधी स्पष्ट सांगतो, हा दोष असणं ही डॉक्टरांची चूक नाही. सोनोग्राफीत तो दर वेळी दिसत नाही. गर्भजल जास्त असल्याची नोंद असेल, तर मात्र तो इशारा होता. ते रिपोर्ट शोधून ठेवा.

तुमची बाजू उभी राहते ती त्या तीन दिवसांवर. फेस, ठसका, निळं पडणं अशी लक्षणं दिसली की पाजणं थांबवून बारीक नळी पोटापर्यंत जाते का बघतात. या दोषात ती साधारण १०-१२ सेंटीमीटरवर अडते आणि एक्स-रेत वरच गुंडाळलेली दिसते. एवढी साधी तपासणी का केली नाही, याचं उत्तर त्यांना द्यावं लागेल. नर्सच्या नोंदींत ‘दूध दिलं, बाळ निळं पडलं’ असं वेळेसह लिहिलेलं असेल, तर त्याच्याइतका बोलका पुरावा नाही.

म्हणून आजच मुलीच्या सहीनं लेखी अर्ज द्या, पोच घ्या. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे ७२ तासांत कागद द्यावे लागतात.

पोलिसात घाई नको. सर्वोच्च न्यायालयाच्या जेकब मॅथ्यू निकालानंतर (२००५) फौजदारी खटल्याला घोर निष्काळजीपणा आणि दुसऱ्या डॉक्टरांचं तटस्थ मत लागतं. माझ्या मते तुमची जागा जिल्हा ग्राहक आयोगात आहे. मुदत दोन वर्षं. दवाखान्याला दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही. तक्रार तुमच्या नावानं नको, मुलगी-जावयांच्या नावानं करा. बाळ आणि आई-वडील दोघांनाही भरपाई मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयानं १९९८ मध्येच मान्य केलंय.

आणि जावयांच्या दोस्तमंडळींना आवरा. दवाखान्यात तोडफोड झाली तर २०१० च्या कायद्यानं तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

नळी अडकलेला तो एक्स-रे जपा. वकिलालाही झेरॉक्सच द्या.