लग्नाची कॅसेट आणि जुना व्हीसीआर

प्रश्न : घरात १९८९ सालच्या लग्नाच्या दोन व्हीएचएस कॅसेट आहेत. त्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायच्या आहेत. जुना व्हीसीआर घेताना काय तपासावं? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : नुसतं ‘चालू आहे’ म्हणतात म्हणून पैसे देऊ नका. व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या, जपानच्या फुनाई कंपनीने २०१६च्या जुलैमध्ये उत्पादन थांबवलं, त्यामुळे आता मिळेल ते यंत्र जुनंच असणार. अशा यंत्रात आधी दगा देतं ते रबर.

तपासायला जाताना वाया गेली तरी चालेल अशी कॅसेट न्या. लग्नाची मुळीच नको. ती वीस मिनिटं चालवा, मध्ये चार-पाच वेळा थांबवून पुन्हा सुरू करा, शेवटपर्यंत पुढे पळवा, पूर्ण मागे घ्या. बाहेर काढल्यावर कडेचं बटण दाबून झाकण उचला आणि टेप बघा. कड दुमडली असेल तर बहुधा पिंच रोलर, म्हणजे टेप दाबून पुढे सरकवणारं रबरी चाक, कडक झालंय. टेप लोंबत असेल तर आयडलर, म्हणजे टेप गुंडाळणारी रिळं फिरवणारं चाक, घसरतंय. कॅसेट आत जाताना किंवा बाहेर येताना अडखळली, तर बेल्ट सैल असण्याची शक्यता जास्त. हे रबरी भाग बदलता येतात; मात्र त्या मॉडेलचे भाग मिळतील का, ते विकत घेण्याआधी विचारा.

चित्रभर मुंग्या दिसल्या तर हेड, म्हणजे टेपवरचं चित्र वाचणारा भाग, मळलेलं किंवा झिजलेलं असतं. मळ निघतो, झीज भरून येत नाही. सफाईसाठी आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओला केलेला साधा कागद ड्रमला (हेड बसवलेल्या फिरत्या नळकांड्याला) हलकेच टेकवून स्थिर धरा आणि ड्रम हाताने फिरवा. कागद वरखाली घासला तर हेडचा नाजूक टवका उडतो. कापसाचे बोळे इथे नकोतच, त्यांचे धागे अडकतात. चित्राच्या अगदी तळाशी बारीक थरथरती पट्टी दिसते, तो दोष नव्हे.

परदेशातून आलेलं यंत्र असेल तर मागचं लेबल वाचा. ११० व्होल्टचं यंत्र आपल्या २३० व्होल्टवर लावलं तर जळतं. शिवाय चित्र नोंदवण्याच्या पद्धती देशोदेशी वेगळ्या; आपल्याकडच्या कॅसेट पाल पद्धतीच्या, अमेरिका-जपानकडच्या एनटीएससी. नुसत्या एनटीएससी यंत्रावर त्या धड दिसणार नाहीत.

कोकणातल्या दमट हवेत कॅसेटला बुरशी हमखास लागते. कॅसेटच्या पारदर्शक खिडकीतून टेपच्या थरांवर पांढरी भुकटी दिसली तर ती कॅसेट यंत्रात घालू नका. हेड चोंदतं आणि बुरशी पुढच्या कॅसेटलाही लागते. आधी ती जाणकाराकडून साफ करून घ्या.