पिंपल्सवरची अँटिबायोटिक जेल: लावायची कशी आणि थांबायचं कधी

प्रश्न: डॉक्टर, मी २० वर्षांची आहे. गालांवर आणि हनुवटीवर पिंपल्स यायचे म्हणून मैत्रिणीने तिची क्लिंडामायसिन जेल दिली, पहिल्यांदा मस्त फरक पडला, मग मीच मेडिकलमधून आणत राहिले. पिंपल आला की त्यावर ठिपका लावायचा, बसला की बंद. असं बरेच महिने चाललंय. आता मात्र लावूनही काही होत नाही, उलट जास्तच येतायत. यापेक्षा स्ट्राँग जेल असते का? आणि दुकानदार एक क्रीम देतोय, त्याने दोन दिवसांत चेहरा क्लिअर होतो म्हणे, ती लावू का?

उत्तर: आधी त्या क्रीमचं सांगते, कारण ते जास्त तातडीचं आहे. नको लावूस. दोन दिवसांत चेहरा साफ करणाऱ्या अशा क्रीममध्ये बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. ट्यूबवर बारीक अक्षरात बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन असं काही लिहिलेलं दिसलं तर ती सरळ परत कर. सूज आणि लाली पटकन बसते म्हणून वाटतं की वा, काम झालं, पण काही आठवडे लावलं की त्वचा पातळ होते, बारीक लाल शिरा दिसायला लागतात, आणि क्रीम बंद केली की पिंपल्स आधीपेक्षा जोरात उसळतात. मग ते निस्तरायला कित्येक महिने जातात.

आता तुझी जेल. क्लिंडामायसिन वाईट औषध नाही, पण त्याचं काम मर्यादित आहे. पिंपल येतो तेव्हा एकाच वेळी बरंच काही बिघडलेलं असतं, तेल जास्त सुटतं, मृत पेशींनी छिद्र बंद होतं, आत क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस नावाचे जंतू वाढतात आणि मग सूज येते. ही जेल जंतूंवर आणि थोडीफार सुजेवर काम करते, बंद झालेलं छिद्र काही ती उघडत नाही. त्यामुळे ब्लॅकहेड्स-व्हाइटहेड्सवर तिचा फारसा उपयोग नाही, आणि नवे पिंपल्स तर तिथूनच तयार होतात ना.

शिवाय नुसतं अँटिबायोटिक महिनोन्‌महिने लावलं की जे जंतू त्याला दाद देत नाहीत तेच मागे उरतात आणि वाढतात. तुझ्याकडे बहुधा हेच झालंय, मधेच बंद, मधेच चालू यानेही भर पडली असणार. हा रेझिस्टन्स फक्त पिंपलच्या जंतूंपुरता राहत नाही, त्वचेवरचे बाकीचे जंतूही त्या औषधाला निर्ढावतात, म्हणून मी याबाबतीत इतकी कडक आहे. पॉवर वाढवून हे सुटत नाही, १ टक्का हीच नेहमीची मात्रा आहे.

याला जोडीदार लागतो, बेंझॉइल पेरॉक्साइड. हे अँटिबायोटिक नाही, ते ऑक्सिजनच्या जोरावर जंतू मारतं आणि त्याला जंतू रेझिस्टंट होत नाहीत. २.५ टक्क्यांपासून सुरू कर, जास्त टक्क्यांनी जळजळ वाढते, फायदा तेवढा वाढत नाही. दोन्ही एकत्र असलेली जेलही मिळते, डॉक्टरांना तीच लिहून द्यायला सांग. एक काळजी घे, बेंझॉइल पेरॉक्साइड कपड्यांचा रंग घालवतं. टॉवेल, उशीचा अभ्रा, कुर्त्याची कॉलर, जिथे लागेल तिथे फिकट डाग पडतो आणि तो धुऊन जात नाही. पांढरा टॉवेल वापर, लावून झालं की हात धू.

आणि ठिपक्याची सवय सोड! जेल फक्त आलेल्या पिंपलसाठी नाही, तर त्या भागात अजून न दिसणाऱ्यांसाठीही असते. सौम्य फेसवॉशने चेहरा धू, घासू नकोस, टिपून पूर्ण कोरडा होऊ दे. मग वाटाण्याएवढी जेल घेऊन दोन्ही गाल आणि हनुवटीवर थोडी थोडी टेकव आणि पातळ पसरव, पांढरा थर दिसला म्हणजे जास्त झाली. डोळे, ओठ आणि नाकपुड्यांचे कोपरे सोड. वर साधं मॉइश्चरायझर, दिवसा सनस्क्रीन. रात्रीसाठी डॉक्टर बहुतेक अडॅपलीन ०.१ टक्का देतील, बंद छिद्रांवर खरं काम तेच करतं. सुरुवातीला एक दिवसाआड लाव, थोडी सालं निघतील. प्रेग्नन्सीत किंवा त्याचं प्लॅनिंग चालू असेल तर अडॅपलीन नाही.

फरक दिसायला ६ ते ८ आठवडे जातात, पहिल्या पंधरा दिवसांत निराश होऊन सोडू नकोस. ट्यूबवर पेनाने सुरू केल्याची तारीख लिही. साधारण १२ आठवडे झाले की अँटिबायोटिक थांबवायचं, फरक पडला असला तरी आणि नसला तरी. पुढे अडॅपलीन किंवा बेंझॉइल पेरॉक्साइडवर चेहरा सांभाळायचा.

क्वचित होतं, पण माहीत असू दे: क्लिंडामायसिनची जेल लावताना जुलाब लागले आणि थांबेनात, किंवा शौचातून रक्त गेलं तर जेल बंद करून लगेच डॉक्टरकडे जा. ज्यांना क्रोन्स किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस (आतड्यांना दीर्घकाळ सूज येण्याचे आजार) आहे किंवा आधी अँटिबायोटिकमुळे आतड्याचा त्रास झालाय त्यांनी ती लावूच नये. आणि खोल दुखऱ्या गाठी येत असतील, खड्डे पडत असतील, पाळी अनियमित असेल, किंवा कपाळावर एकसारख्या बारीक, खाजणाऱ्या पुळ्या असतील (ती बुरशी असू शकते), तर जेलवर वेळ घालवू नकोस, तपासून घे.

प्रश्न: मला पिंपल्ससाठी डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या चालू आहेत. सोबत घरातली क्लिंडामायसिन जेलही लावली तर लवकर बरं होईल ना?

उत्तर: नाही. पोटातून एक आणि वरून दुसरं अँटिबायोटिक, याने फायदा वाढत नाही, रेझिस्टन्सचा धोका मात्र वाढतो. गोळीसोबत बेंझॉइल पेरॉक्साइड किंवा अडॅपलीन लावा, तुमच्या डॉक्टरांना विचारून. गोळी ग्लासभर पाण्यासोबत घ्या आणि लगेच आडवे होऊ नका, ती अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम करते. उन्हात त्वचा पटकन भाजते, तेही सांभाळा.