पडल्या बाथरूममध्ये, शिक्षा देवघराला

प्रिय ताई,
माझी आई ७६ वर्षांची आहे. मागच्या श्रावणात बाथरूममध्ये घसरून पडली, मनगट मोडलं. हात आता बरा आहे. तेव्हापासून आम्ही तिला एकटं सोडत नाही. दिवसभरासाठी बाई ठेवली, बाथरूममध्ये दांडे लावले, खाली रबरी मॅट टाकली, देवघर टेबलावर घेतलं म्हणजे तिला खाली बसायला नको. रोज संध्याकाळी मी स्वतः हात धरून तिला सोसायटीत वीस मिनिटं फिरवतो. तरी ती हल्ली चिडचिड करते. गेल्या महिन्यात सोफ्यावरून उठताना पुन्हा तोल गेला, बाईंनी धरलं म्हणून वाचली. माझा भाऊ ऑकलंडला असतो. तो व्यायामाचं कसलंसं पुस्तक पाठवून ‘आईकडून करून घे’ म्हणतो. तिकडे बसून सांगायला काय जातं? व्यायाम करताना पडली तर जबाबदार कोण? त्याला कसं समजावू?
– एक मुलगा, ठाणे

भावाला समजावू नका, त्याचं ऐका. तो सणावारी येतो की नाही, खर्चात वाटा उचलतो की नाही, ते हिशेब तुम्ही दोघं सावकाश मिटवा. या एका बाबतीत तो बरोबर आहे आणि तुम्ही चूक.

तुमच्या पत्रातल्या एका वाक्यावर मी अडले. दांडे आणि मॅटच्या यादीत तुम्ही ते सहज घालून पुढे गेलात: देवघर टेबलावर घेतलं. आई पडल्या बाथरूममध्ये, ओल्या फरशीवर. देवासमोर त्या कधी पडल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही. मग देवघर का हललं?

पूजा कशी चालायची ते आठवा. पाट ओढायचा, जमिनीला हात टेकून खाली बसायचं, ताम्हन पुढे घ्यायचं, मागे राहिलेल्या फुलांच्या परडीसाठी कमरेतून वळायचं. काडेपेटी ओट्यावरच राहिली म्हणून उठायचं, पुन्हा येऊन बसायचं. शेवटी गुडघ्यावर हात देऊन उभं राहायचं आणि आरतीला एका हातात निरांजन, दुसऱ्या हातात घंटा, म्हणजे धरायला काहीच नाही. मांड्यांची ताकद, घोट्यांचा तोल, सगळं रोज वापरात होतं. फिजिओथेरपिस्टला पैसे देऊन जे करून घ्यावं लागतं ते तुमच्या घरी फुकट चालू होतं, आणि तुम्ही ते बंद केलंत. मग सोफ्यावरून उठताना तोल गेला तर नवल कसलं?

आणि हो, देव हलवण्याआधी आईंना विचारलं होतंत? पत्रभर ‘आम्ही’ आहे, ‘मी’ आहे. त्या स्वतः काय म्हणाल्या याची एक ओळ नाही. चिडचिडीचं कारण मला विचारण्यापेक्षा त्यांनाच विचारा.

भावाचं पुस्तक मी पाहिलेलं नाही, पण न्यूझीलंडहून आलंय म्हणजे ओटागो व्यायामाचं असण्याची शक्यता दाट. डनेडिनच्या ओटागो विद्यापीठातल्या मंडळींनी हा व्यायाम बसवला तो तुमच्या आईसारख्यांसाठीच, खरं तर त्यांच्याहूनही वयस्कर बायकांसाठी. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पहिल्या अभ्यासात ८० आणि त्यापुढच्या वयाच्या २३३ बायका होत्या. निम्म्या जणींना फिजिओथेरपिस्टनं घरी जाऊन व्यायाम शिकवला. उरलेल्या जणींकडेही कोणीतरी जात होतं, पण नुसतं भेटायला, गप्पा मारायला. वर्षाअखेर गप्पांच्या गटात पडण्याचे १५२ प्रसंग घडले होते, व्यायामाच्या गटात ८८. तुमच्या घरात सध्या जे चाललंय ते गप्पांच्या गटाच्या जवळचं आहे.

त्यात करायचं काय, तर घोट्याला वजनाचा पट्टा बांधून बसल्या बसल्या पाय सरळ करायचा. ओट्याला धरून टाचा उचलायच्या. एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या अंगठ्याला लावून उभं राहायचं. आडवं चालायचं, उलटं चालायचं, हात न टेकता खुर्चीतून उठायचं. आठवड्यातून तीनदा, अर्धा अर्धा तास. जमू लागलं की वजन वाढवायचं, आधार कमी करायचा. व्यायाम अवघड होत गेला नाही तर त्याचा उपयोग नाही, हे मात्र नीट लक्षात घ्या. कारण तुम्ही पहिल्याच दिवशी ‘आई, झेपेल तेवढंच’ म्हणाल, मला दिसतंय.

तुमच्या संध्याकाळच्या वीस मिनिटांबद्दलही सांगते, राग येईल. वैद्यकीय पुरावे पडताळणाऱ्या कॉक्रेन या संस्थेचा, शंभराहून जास्त चाचण्या एकत्र तपासणारा आढावा २०१९ मध्ये आला. तोलाच्या आणि रोजच्या हालचालींच्या व्यायामांनी पडण्याचं प्रमाण साधारण एक चतुर्थांशानं कमी झालेलं त्यात दिसलं. नुसत्या चालण्यानं ते कमी होतं असं म्हणण्याइतका पुरावा सापडला नाही. त्यातून तुम्ही हात धरता. म्हणजे तोल तुम्ही सांभाळता आणि आई फक्त पावलं टाकतात. फिरायला जरूर न्या, मायलेकांच्या गप्पा होतात. व्यायाम झाला असं मात्र समजू नका.

जबाबदार कोण, असं विचारता. सोफ्यावर बसवून ठेवलेल्या आईंच्या मांड्यांचं मांस रोज थोडं थोडं झडतंय, त्याला कोण जबाबदार आहे? त्या प्रश्नाला तुम्ही हात लावलेला नाही, कारण ते दिसत नाही आणि शेजारी काही विचारत नाहीत. ‘काय हो, आईंना कशाला त्रास देता’ असं कोणीतरी म्हणेल याचीच तुम्हाला जास्त भीती आहे, असा माझा संशय आहे.

या आठवड्यात फिजिओथेरपिस्टला घरी बोलवा. तो येईपर्यंत डॉक्टरांकडे एक फेरी मारा: घसरून मनगट मोडलंय, तेव्हा हाडांची घनता तपासून घ्यायची, बीपीच्या आणि झोपेच्या काही गोळ्या चालू असतील तर दाखवायच्या, उठताना चक्कर येत असेल तर सांगायचं. फिजिओथेरपिस्टला आईंसमोर एकच सांगा: ‘हिला पाटावर बसून पूजा करायची आहे आणि कोणाचा हात न घेता उठायचं आहे.’ त्याला किती महिने लागतील, गुडघे किती साथ देतील, सुरुवात खुर्चीपासून करायची की उंच पाटापासून, हे तो आणि आई ठरवतील. तो बहुधा पहिल्या दिवशी भिंतीला टेकलेल्या खुर्चीत बसवून, हात छातीवर घ्यायला लावून ३० सेकंदांत किती वेळा उठता येतं ते मोजेल. आईंच्या वयाच्या बाईला दहा वेळाही जमलं नाही तर पाय कमी पडतायत असं धरतात. हात टेकावा लागला तर शून्य. आकडा कितीही येवो, तुम्ही चेहरा पाडायचा नाही. शक्यतो त्या वेळी खोलीबाहेरच थांबा.

बाईंना काढू नका, त्यांचं काम बदला. शेजारी उभं राहायचं, दंड धरायचा नाही, तोल खरोखर गेला तरच हात पुढे करायचा. हे फिजिओथेरपिस्टकडूनच त्यांना शिकवून घ्या, तुमच्याकडून ते होणार नाही.

पहिल्या आठवड्यात आईंच्या मांड्या दुखतील आणि त्या तुम्हाला चार शब्द ऐकवतील. छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर थांबवून डॉक्टरांना फोन करा. नुसत्या मांड्या दुखत असतील तर दुखू द्या.