रात्रीची सोय दिवसाउजेडी

प्रिय पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पंधरा दिवस, एक सॅक आणि कुठलंही बुकिंग नाही. मन म्हणेल तिथे उतरायचं, आवडलं तर राहायचं, नाही आवडलं तर पुढची गाडी पकडायची. घरचे धास्तावलेत आणि तू मला विचारतेस, जाऊ का?

जा. मनापासून सांगते, जा. मी आयुष्यात केलेले जे प्रवास अंगात मुरले, त्यातले बहुतेक असेच होते. पण एक गोष्ट आधीच पक्की समजून घे. बुकिंग केलं नाही म्हणून काम वाचत नाही. घरी एका संध्याकाळी उरकलं असतं ते काम आता रोज दुपारी तुझ्यासमोर येणार. ते दुपारी टाळलंस की रात्री अंगावर येतं.

माझ्या अंगावर आलेली एक रात्र सांगते. बसमध्ये निम्म्या लोकांच्या गळ्यात एकाच रंगाच्या पट्ट्यांची ओळखपत्रं होती. मला ती दिसली, पण मी खिडकीबाहेरचे डोंगर बघत बसले. रात्री साडेदहाला उतरले. पहिल्या हॉटेलात जागा नाही, दुसऱ्यात नाही, तिसऱ्यात तर काउंटरवरच्या मुलाने मान वर न करताच हात हलवला. चौथ्या ठिकाणी कळलं की गावात तीन दिवसांचं व्यापारी प्रदर्शन भरलंय आणि शेजारच्या गावांतही खोली उरलेली नाही. तिथल्या बाईंनी माझ्यासाठी चार ठिकाणी फोन लावले, आणि प्रत्येक फोन ठेवताना त्यांचा चेहरा माझ्यापेक्षा जास्त पडत होता. शेवटी स्टेशनच्या प्रतीक्षालयात सॅकचा पट्टा मनगटाला गुंडाळून पहाटेपर्यंत बसून राहिले. वाईट काही घडलं नाही. पण दार करकरलं की पोटात गोळा यायचा, आणि दुसरा अख्खा दिवस पेंगण्यात गेला. बसमध्ये शेजारच्याला "आज एवढी गर्दी कशाची?" एवढं विचारलं असतं, तर मी दोन थांबे आधीच उतरले असते.

तेव्हापासून हा प्रश्न मी गाडीतच विचारते. परीक्षा, लग्नसराई, सामने, जत्रा, जोडून आलेल्या सुट्ट्या, कशानेही गाव भरतं. काही तारखा तर जगजाहीर आहेत: स्पेनमधल्या पाम्प्लोनामध्ये बैल धावतात त्या उत्सवाचे ६ ते १४ जुलै, स्कॉटलंडमधल्या एडिंबरामध्ये कलामहोत्सवांचा ऑगस्ट, जपानमध्ये एप्रिलअखेरीपासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंतच्या सुट्ट्या. अशा वेळी तिथे जायचंच असेल तर हट्ट सोडून आधी बुकिंग कर. त्यात कमीपणा काही नाही.

आता वेळेचं गणित. बहुतेक ठिकाणी चेक-आउटची वेळ ११ किंवा १२ असते. त्यानंतरच काउंटरवरच्या माणसाला नक्की कळतं की कोण गेलं, कोणी मुक्काम वाढवला आणि काय मोकळं आहे. म्हणून दुपारी बारा ते तीन ही तुझी वेळ. गावात पोचलीस की आधी खोली, मग भटकंती. संध्याकाळीही खोल्या सुटतात, कारण ज्यांनी येतो म्हणून सांगितलं ते सगळे येत नाहीत, आणि आजची रिकामी खोली उद्या विकता येत नाही. त्यामुळे उशिरा भाव उतरतो हे अगदी खोटं नाही. पण दोन पैसे वाचवायला अंधारात अनोळखी गल्ल्या पालथ्या घालणं मला कधीच पटलं नाही, आणि तू एकटी असताना तर मुळीच नको. एक नियम स्वतःला घालून घे: सूर्यास्ताच्या दोन तास आधी जागा मिळाली नसेल, तर आवडनिवड बाजूला ठेवून फोनवरून जे बरं दिसेल ते घ्यायचं. त्या दिवसापुरतं स्वातंत्र्य संपलं असं समज.

फोनवरचा भाव आणि काउंटरवरचा भाव दोन्ही बघ. बुकिंगची ॲप्स हॉटेलकडून कमिशन घेतात, म्हणून समोरासमोर विचारलं तर कधी भाव कमी होतो, कधी त्याच भावात मागच्या बाजूची शांत खोली मिळते. कधी उलटही होतं, ॲपवरच स्वस्त असतं. विचारायला लाजू नकोस. "खोली आधी बघू का?" हे वाक्य मात्र प्रत्येक ठिकाणी बोलायचंच. आगाऊ बुकिंग करणाऱ्याला फोटो बघून पैसे भरावे लागतात. तुला दार उघडून बघता येतं. तुझ्या पद्धतीचा सगळ्यात मोठा फायदा हाच आहे, तो सोडू नकोस.

खोलीत शिरलीस की सॅक पलंगावर टाकू नकोस. आधी चादरीचा कोपरा उचल आणि गादीच्या शिवणीवर फोनचा उजेड पाड. मोहरीहूनही बारीक काळपट ठिपके दिसले तर तिथे ढेकूण आहेत. हसून "नको" म्हणायचं आणि निघायचं. मग दार आतून लाव. कडी नीट बसते का, बाहेरून ढकललं तर चौकट हलते का, ते बघ. खिडकी लागते का, नळाला पाणी येतं का, जिन्यात रात्री दिवा असतो का. दोन मिनिटांचं काम आहे. आणि मनाला खटकलं तर कारण शोधत बसू नकोस. मालक बोलायला कितीही गोड असो, पाय मागे ओढत असेल तर तिथे राहायचं नाही. खोली नाकारताना कारण द्यावं लागत नाही, हे शिकायला मला फार वर्षं लागली. एकटी आहेस हेही कुणाला सांगत बसू नकोस, आणि खोलीचा क्रमांक काउंटरवर कुणी मोठ्याने उच्चारला तर सरळ दुसरी खोली माग.

पहिल्या रात्रीचं बुकिंग कर, यावर मी अडून बसणार आहे. लांबच्या प्रवासानंतर डोकं चालत नाही, गाड्या उशिरा पोचतात, आणि थकलेला माणूस जे पहिलं दिसेल त्याला हो म्हणतो. परदेशी जाणार असशील तर कागदपत्रांचंही बघ. शेंगेन व्हिसाच्या, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना एकच चालणाऱ्या व्हिसाच्या, अर्जासोबत राहण्याच्या सोयीचा पुरावा द्यावा लागतो, आणि बऱ्याच देशांत उतरल्यावर मुक्कामाचा पत्ता विचारतात. "ठरलं नाही" हे उत्तर तिथे चालत नाही.

या पद्धतीला जुनी परंपरा आहे, हे तुला आवडेल म्हणून लिहिते. रिचर्ड शिरमान नावाचा जर्मन शिक्षक १९०९ च्या ऑगस्टमध्ये विद्यार्थ्यांना घेऊन पायी सहलीला निघाला होता. वादळाने गाठलं आणि एका गावातल्या शाळेत रात्र काढावी लागली. सुट्टीत शाळा ओस पडलेल्या असतात, मग पायी फिरणाऱ्या मुलांना तिथे झोपू का देऊ नये, हा विचार त्याला त्या रात्री सुचला. १९१२ मध्ये जर्मनीतल्या आल्टेना गावच्या किल्ल्यात कायमचं युथ होस्टेल उभं राहिलं. आज तू ज्या डॉर्ममध्ये, म्हणजे अनेकांच्या सामाईक खोलीत, एका पलंगाचे पैसे भरशील, त्याची सुरुवात अशी बुकिंग नसलेल्या रात्रीत झाली.

स्पेनमधली सांतियागोची यात्रावाट, ख्रिस्ती यात्रेकरूंची पायवाट, तीही अशीच. तिथल्या नगरपालिकेच्या आणि चर्चच्या निवासांत सहसा आधी जागा राखता येत नाही. यात्रेकरूचं शिक्क्यांचं पुस्तक दाखवायचं, येईल त्याला क्रमाने पलंग, आणि साधारणपणे एकच रात्र. निवास दुपारी उघडतात, म्हणून लोक पहाटेच चालायला लागतात. उन्हाळ्यात काहीजण पलंगाच्या धास्तीने अंधारातच धावत सुटतात आणि वाट बघायची राहून जाते. तसं होऊ देऊ नकोस. पण लवकर उठण्याची सवय त्यांच्याकडून जरूर घे.

तंबूचं तू ओझरतं लिहिलंयस. तंबू हाताशी असला की धास्ती अर्धी होते, हे खरं. पण कुठेही तो ठोकता येत नाही. नॉर्वेत १९५७ च्या कायद्याने मोकळ्या रानात मुक्काम करता येतो, तोही वस्तीच्या घरापासून १५० मीटर लांब आणि परवानगीशिवाय एका जागी सहसा जास्तीत जास्त दोन दिवस. कित्येक देशांत हेच केलं तर दंड होतो. जिथे जाशील तिथला नियम आधी वाच.

आणि पैसे. सर्वांत महागड्या एका रात्रीपुरते पैसे वेगळे काढून ठेव, सॅकच्या आतल्या कप्प्यात, आणि ते नाहीतच असं समजून फिर. सगळं फसलं तर त्या पैशांनी स्टेशनजवळची चांगली, उजेडातली खोली घ्यायची, भाव न बघता. माझ्याकडे ते असते तर त्या रात्री टॅक्सी करून पुढच्या मोठ्या गावात गेले असते.

सामान पाठीवर घेऊन तासभर चालता येईल एवढंच घे. खोली शोधताना जड सॅक असली की तिसऱ्या दारावर माणूस हरतो आणि चौथं दार वाजवतच नाही. माझ्या अनुभवात चांगली जागा बरेचदा चौथ्याच दारामागे निघाली आहे: गल्लीच्या टोकाला, पाटी नसलेली, जिथल्या आजीबाईंनी किल्ली देताना उद्या पाऊस आहे, गाडी सातची पकड, असं आपणहून सांगितलं. आधी ठरवून निघाले असते तर त्या गल्लीत मी कशाला वळले असते?

पहिल्या मुक्कामाचं नाव-पत्ता मला निघण्याआधी पाठव. नंतर रोज संध्याकाळी सातला एक ओळ: गाव, जागेचं नाव, बस्स. एखाद्या दिवशी ओळ आली नाही तर आठला मी फोन करीन. तू उचलेपर्यंत करत राहीन.

तुझी,
मावशी