बासचा टोन डोळ्यांनी बघायचा तर

प्रश्न : ताई, नमस्कार. मी इचलकरंजीत राहतो, ऑर्केस्ट्रात बास गिटार वाजवतो. गिटार जॅझ बासच्या धर्तीची आहे. तारांचा कंप टिपणारे दोन पिकअप, व्हॉल्यूमचे दोन नॉब, टोनचा एक, आत बॅटरी नाही. गाण्यागणिक टोन बदलावा लागतो, म्हणून कोणत्या खुणेवर नेमकं काय होतं ते एकदा बघून वहीत उतरवायचं ठरवलं. जाड पिनला बारीक पिनचा अडॅप्टर लावून गिटार लॅपटॉपच्या माइकच्या भोकात जोडली. ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टोन पूर्ण उघडा, अर्धा आणि बंद असे तीन तुकडे रेकॉर्ड करून कोणत्या फ्रीक्वेन्सीचा जोर किती ते दाखवणारे आलेख काढले, तर तिन्ही जवळजवळ सारखे! ॲम्पवर मात्र फरक स्वच्छ ऐकू येतो. मेकॅनिक म्हणतो, नॉब बदलून टाका. काय करू?

उत्तर : नॉब बदलू नका. ॲम्पवर फरक ऐकू येतोय म्हणजे तो धडधाकट आहे. गोंधळ गिटारच्या बाहेर, त्या माइकच्या भोकात आहे.

हे मी इतक्या खात्रीने सांगते, कारण मी स्वतः त्यातून गेले आहे. २००९ साली ठाण्यात भजनांच्या एका रेकॉर्डिंगला मला बास थेट मिक्सरच्या लाइन इनमध्ये लावायला सांगितलं. आवाज गोधडीखालून यावा तसा आला. मी घरी जाऊन तारा बदलल्या, टोनचा पॉट (नॉबखालचा फिरता रेझिस्टर) बदलला, दोन रात्री सोल्डरिंग केलं. काही उपयोग झाला नाही. पुढच्या बैठकीला एका ज्येष्ठ रेकॉर्डिस्टनी मध्ये फक्त एक डीआय बॉक्स (गिटार आणि मिक्सरचा मेळ घालणारी डबी) ठेवला आणि माझी गिटार परत आली. जुना पॉट निर्दोष होता.

घडतं ते असं. पिकअप म्हणजे चुंबकाभोवती बारीक तारेचे हजारो वेढे. अशा वेटोळ्याला जितका उंच सूर, तितकी त्याची स्वतःची अडवणूक जास्त. त्याला पुढे मोठ्या अवरोधाचं (इम्पीडन्सचं) इनपुट मिळालं तर हे जाणवत नाही. ॲम्पचं किंवा ऑडिओ इंटरफेसवरच्या (वाद्य कॉम्प्युटरला जोडणाऱ्या डबीवरच्या) ‘इन्स्ट्रुमेंट’ इनपुटचं असं असतं, साधारण १ मेगाओहम. लॅपटॉपच्या माइकचं इनपुट जेमतेम काही किलोओहमचं. तिथे टोन पूर्ण उघडा असतानाच ४००-५०० हर्ट्झच्या वरचं सगळं उतरणीला लागतं. टोनच्या नॉबला जो माल कापायचा, तो त्याच्यापर्यंत पोचण्याआधीच इनपुटने कापलेला असतो. तुमचे तीन आलेख सारखे दिसणारच.

तेव्हा इन्स्ट्रुमेंट इनपुट असलेला साधा इंटरफेस घ्या किंवा ओळखीच्या कुणाकडून दोन दिवसांसाठी आणा. त्यावर ‘इन्स्ट’ किंवा ‘हाय-झेड’ असं बटण असतं, ते दाबायला विसरू नका. विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये एन्हान्समेंट्स चालू असतील तर बंद करा. ती माणसाच्या बोलण्यासाठी केलेली असतात, बासला ती गोंगाट समजतात.

आता ऑडॅसिटी. ‘ॲनलाइझ’ मध्ये ‘प्लॉट स्पेक्ट्रम’ उघडलं की साइज विचारतात. तिथे १०२४ असेल तर ४४,१०० च्या सॅम्पल रेटला (सेकंदाला इतके नमुने) आलेखाचं एकेक घर ४३ हर्ट्झ रुंद होतं. तुमची मोकळी ई तार ४१.२ हर्ट्झची आणि ए तार ५५ ची. म्हणजे दोन्हींचा मूळ सूर एकाच घरात कोंबला जातो. साइज १६,३८४ करा, घर २.७ हर्ट्झवर येतं. ॲक्सिस ‘लॉग फ्रीक्वेन्सी’ ठेवा, नाहीतर बासचा सगळा संसार डाव्या कोपऱ्यातल्या बोटभर पट्टीत अडकतो आणि उरलेला कागद रिकामा राहतो.

इथवर सोपं आहे. खरी अडचण तुमच्या उजव्या हाताची आहे.

जॅझ बासची तार नटपासून (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) ब्रिजपर्यंत (अंगावरची घोडी) ३४ इंच, म्हणजे सुमारे ८६४ मिलिमीटर. ब्रिजपासून १७३ मिलिमीटरवर, म्हणजे बरोबर पाचव्या हिश्शावर तार छेडली, तर पाचवा स्वरांश (मूळ सुराच्या पाचपट फ्रीक्वेन्सीचा सूर) जवळजवळ उठतच नाही, कारण तिथे त्याची गाठ, म्हणजे न हलणारा बिंदू, असते. मोकळ्या ई तारेवर तो २०६ हर्ट्झचा. हात अडीच इंच ब्रिजकडे सरकवला की २०६ परत येतो आणि आठवा, ३३० चा, गायब होतो. आलेखात हा बदल नॉब अर्धा फिरवण्यापेक्षा मोठा दिसतो. तुम्ही तीन वेळा वाजवलंत आणि हात तीन जागी पडला, तर तुमचे आलेख नॉबचे नसून हाताचे आहेत. (तानपुऱ्याला हा नियम लागू पडत नाही. त्याच्या पसरट, किंचित गोलाई असलेल्या घोडीमुळे ज्या स्वरांशाच्या गाठीवर तार छेडली तोही ऐकू येतो, हे सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली लिहून ठेवलं. जवारी लावणाऱ्यांच्या कानांना ते पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतंच. मला ही गोष्ट फार आवडते, म्हणून इथे सांगितली.)

म्हणून छेडण्याच्या जागी गिटारच्या अंगावर कागदी टेपची एक चिंधी लावा. अंगठा पिकअपवर टेकवून ठेवा. प्रत्येक खुणेला मोकळी ई तार आठ वेळा वाजवा, दर वेळी चार सेकंद वाजू द्या आणि आठही एकत्र सिलेक्ट करून आलेख काढा. ऑडॅसिटी त्यांची सरासरी काढते, हाताचा कमीजास्त जोर त्यात विरून जातो.

याहून नेमकं हवं असेल तर हात बाजूलाच ठेवा. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातून थोडी एनॅमलची तांब्याची तार आणा. पाण्याच्या बाटलीच्या बुचाभोवती तिचे शंभर वेढे घाला, टोकांवरचं एनॅमल पॉलिश पेपरने खरवडा, एका टोकाला १०० ओहमचा रेझिस्टर जोडा आणि हे सगळं एका हेडफोनच्या पिनला सोल्डर करा. ऑडॅसिटीच्या ‘जनरेट’ मधून अर्ध्या मिनिटाचा व्हाइट नॉइज (सगळ्या फ्रीक्वेन्सी सारख्या असलेली खरखर) बनवा. पिन इंटरफेसच्या हेडफोनच्या भोकात घाला, बूच पिकअपवर उपडं ठेवून टेपने पक्कं करा आणि तारांवर फडकं घालून त्या दाबून ठेवा. नॉइज वाजवत वाजवतच गिटारचा आवाज रेकॉर्ड करायचा. दुसऱ्या पिकअपचा व्हॉल्यूम शून्यावर. टोन १० वर एकदा, मग ७, ५, ३, १, ०. आवाजाची पातळी एकदा लावली की पुन्हा हात लावायचा नाही. इंटरफेसमधलं थेट मॉनिटरिंग (आत आलेला आवाज लगेच हेडफोनला पाठवणं) बंद हवं, नाहीतर गिटारचा आवाज फिरून पुन्हा वेटोळ्यात जातो.

हे आलेख बघून दचकू नका. वेटोळ्याच्या पद्धतीत वरच्या बाजूला चढण दिसते, दर सप्तकाला ६ डेसिबल. ती तुमच्या गिटारची नाही, पद्धतीची आहे. म्हणूनच सुटा आलेख वाचायचा नसतो. प्लॉट स्पेक्ट्रमच्या खिडकीत ‘एक्सपोर्ट’ आहे. प्रत्येक आलेखाचे आकडे काढून एक्सेलमध्ये शेजारी शेजारी ठेवा आणि प्रत्येकातून १० च्या खुणेचे आकडे वजा करा. चढण सगळ्यांत सारखीच असते, ती निघून जाते. उरतं ते निव्वळ नॉबचं काम. माझ्या मते या सगळ्या खटाटोपात बघण्याजोगी गोष्ट हीच: दोन सेटिंगमधला फरक. नुसता एक आलेख कितीही देखणा असला तरी त्यात तारा, बोटं, पिकअप, केबल, सगळं एकमेकांत मिसळलेलं असतं.

माझ्या गिटारवर, २५० किलोओहमचा पॉट, टोनसाठी उंच सूर गाळणारा ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि सहा मीटर केबल लावून जे निघालं, ते सांगते. टोन १० वर असताना ३ किलोहर्ट्झच्या आसपास एक लहानसं शिखर असतं. तारेवर बोट घासल्याची खसखस आणि टोकदारपणा त्याचा. १० वरून ७ पर्यंत येताना फक्त ते शिखर बसतं, बाकी काही हलत नाही. ७ ते ३ मध्ये उतार हळूहळू खाली सरकतो. ३ च्या खाली मात्र झपकन. पहिल्या तीन खुणांत जितका बदल होतो, तितका वरच्या सातांत मिळून होत नाही. वहीत खुणा करताना ०, १, २, ३ यांना जास्त जागा ठेवा.

आणि शून्यावर? तिथे वरचं सगळं जातं हे ठाऊकच असतं. पण ४०० हर्ट्झजवळ एक छोटा उंचवटाही येतो. पिकअपचं वेटोळं आणि तो कपॅसिटर मिळून तिथे एक अनुनाद (रेझोनन्स) तयार करतात. टोन बंद केल्यावर बास नुसता मंद न होता जाड, गोल लागतो, त्यात या उंचवट्याचा हात आहे. पहिल्यांदा तो आकडेवारीत सापडला तेव्हा मी टोन शून्यावर ठेवून एक जुनं गाणं वाजवत बसले. इतकी वर्षं कानाने ओळखत असलेल्या आवाजाचा पत्ता हाती लागला होता.

केबलही आलेखात दिसते. तीन मीटरची लावलीत तर ते वरचं शिखर आणखी वर सरकेल, दहा मीटरची लावलीत तर खाली येईल. कार्यक्रमात जी वापरता, तीच लावून मोजा.

शेवटचं. बोटांनी वाजवलेल्या आलेखात, विशेषतः ब्रिजजवळच्या पिकअपवर, ४१ हर्ट्झचा खांब ८२ आणि १२३ च्या खांबांहून बुटका दिसला तर तो दोष समजू नका. ब्रिजजवळ मूळ सुराची हालचालच थोडी असते. वरचे स्वरांश ऐकून मूळ सूर कान स्वतः भरून काढतो. म्हणून तर ४१ हर्ट्झ वाजवायची ताकद नसलेल्या मोबाइलवरही बासची ओळ कळते.

प्रश्न : मी नाशिकला कॉलेजात शिकते, वर्षभर बास वाजवते आहे. आलेखात काहीही वाजवत नसताना ५० वर एक सरळ सुळका दिसतो, १०० आणि १५० वरही. गिटार खराब आहे का?

उत्तर : नाही गं. तो आपल्या घरातल्या विजेचा सूर आहे, ५० हर्ट्झचा आणि त्याच्या पटींचा. सिंगल कॉइल पिकअप तो हवेतून उचलतात. तुझ्या ई तारेवरचा तिसऱ्या पट्टीचा जी आहे ४९ हर्ट्झचा. तो लांब धर आणि नीट ऐक. ५० ची गुणगुण मिसळली असेल तर आवाज सेकंदाला एकदा फुगतो आणि ओसरतो. नवशिके तो तारेचा दोष समजतात.

आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड कर. बहुतेकदा सुळका तिथेच निम्मा होतो. मग ट्यूबलाइटपासून आणि ॲडॅप्टरच्या गर्दीपासून दूर सरक, जागीच गोल वळून बघ. एका दिशेला तो सगळ्यांत कमी असतो. दोन पिकअपची गिटार असेल तर दोन्ही व्हॉल्यूम सारखे पूर्ण उघड. बहुतेक नव्या गिटारींत त्यांची वेटोळी उलटसुलट गुंडाळलेली असतात आणि गुणगुण एकमेकांत मिटते. एकाचा व्हॉल्यूम जरा कमी केलास की ती परत येते, हेही आलेखात बघून घे.

गुणगुण जावी म्हणून प्लगची अर्थिंगची पिन काढायला कुणी सांगेल. ते अजिबात करू नकोस. तुझी बोटं धातूच्या तारांवर असतात आणि त्या तारा अर्थिंगला जोडलेल्या असतात. घरात अर्थिंग आहे की नाही, ते इलेक्ट्रिशियनला बोलावून तपासून घे, आणि तोवर चार्जर काढूनच वाजव.